भाकरीला कोरड्यास: सोलापूरच्या बाजारातून पारखून घेतलेल्या काही वस्तू

या जानेवारीत, सिद्धेश्वराच्या यात्रेआधीच्या आठवड्यात, मी सोलापूर शहरातल्या चार ठिकाणांहून शेंगाची चटणी विकत आणली, चारही चटण्या एकाच दिवशी एकाच ताटात वाढल्या आणि घरातल्या पाच जणांनी त्या ज्वारीच्या ताज्या भाकरीबरोबर खाऊन पाहिल्या. पुण्यात राहणाऱ्या माझ्या भाचीने आपल्या नव्या संसारासाठी सोलापूरचे काही खाण्याचे जिन्नस आणि स्वयंपाकघरातल्या दोन-तीन वस्तू मागवल्या होत्या. ओळखीच्या दुकानातून सवयीने आणलेली वस्तू आणि पारखून घेतलेली वस्तू यांत किती अंतर असते, हे या निमित्ताने नीट पाहावे असे मला वाटले.

भाकरीला लावून खायचे जे काही असेल त्याला आमच्या भागातली जुनी माणसे ‘कोरड्यास’ म्हणतात, मग ती पातळ आमटी का असेना. पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात पाण्याचा भरवसा कधीच नव्हता, त्यामुळे इथल्या खाण्याची सगळी हुशारी पाण्यावाचून पदार्थ टिकवण्यात आहे, आणि म्हणूनच इथली खास वस्तू घेताना मी आता पहिल्यांदा तिचा कोरडेपणा तपासते. चटणी, कडक भाकरी, ज्वारी, काळे तिखट या सगळ्यांना हीच कसोटी लागू पडते.

चटणीपासून सुरुवात करते, कारण सोलापूरचे नाव बाहेर सर्वाधिक तिनेच नेले आहे. साहित्य अगदी थोडे असते: भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरे आणि मीठ. एवढ्या थोड्या साहित्याच्या पदार्थात लपायला जागा नसते, आणि चार चटण्यांमधला फरक पाहताक्षणी कळला. पहिली चटणी भुसभुशीत होती, चमच्यावरून पिठासारखी घसरत होती आणि तिच्यात तिखट वेगळे, दाण्याचे कूट वेगळे अशी चव लागत होती. दुसरी गडद लाल, ओलसर दिसणारी आणि मुठीत दाबली तर मुटका होईल अशी होती, पण तो ओलावा पाण्याचा नव्हता, दाण्याच्या तेलाचा होता. शेंगदाण्यात जवळपास निम्मे तेल असते. उखळात मुसळाचे घाव बसत जातात तसा दाणा चिरडला जातो, त्यातले तेल हळूहळू बाहेर येते, आणि मिरचीचा रंग व तिखटपणा हे दोन्ही तेलात विरघळणारे असल्यामुळे ते त्या तेलाबरोबर प्रत्येक कणापर्यंत पोहोचतात. मिक्सरचे पाते मात्र दाणा चिरडत नाही, कापते. थोडा वेळ फिरवले तर कूट होते, आणि जास्त वेळ फिरवले तर भांडे तापून त्याचा लगदा होतो. लसणाचेही तसेच आहे. मुसळाखाली तो दाण्यात मुरतो, पात्याखाली त्याचे तुकडे होतात आणि ते दाताखाली कच्चे लागतात.

ही दुसरी चटणी मंगळवार पेठेच्या परिसरातल्या एका छोट्या दुकानातून आणली होती. तिथे बसलेल्या मावशींना मी विचारले की कुटलेली चटणी ओळखायची कशी, तेव्हा त्यांनी बरणीतली चिमूटभर चटणी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “ताई, चिमटीत दाबून बघा. बोटाला तेल लागलं तर चटणी, नाहीतर ते नुसतं कूट.” यापेक्षा सोपी आणि खरी परीक्षा मला माहीत नाही. आता पुष्कळ ठिकाणी उखळाऐवजी विजेवर चालणारे कांडप यंत्र वापरतात. त्यातही मुसळच वरून खाली पडते, त्यामुळे कांडपावरची चटणी हातउखळाच्या अगदी जवळ जाते, आणि तिला मी कमी लेखणार नाही.

तिसऱ्या पुडीबद्दल लिहिताना वाईट वाटते. शहरातल्या गजबजलेल्या भागातल्या एका दुकानातून, देखण्या वेष्टनातून ती आणली होती. उघडल्याबरोबर खवट वास आला आणि जिभेवर तळाशी कडवटपणा राहिला. शेंगदाण्याचे तेल हवा आणि उजेड लागून खराब होते. पारदर्शक पिशवीतून दुकानाच्या दारात उन्हात टांगलेली चटणी महिनाभरात अशी झाली तर नवल नाही. कडवटपणाचे आणखी एक कारण म्हणजे न निवडलेला दाणा: काळा पडलेला, सुरकुतलेला, बुरशी धरलेला एखादा दाणाही सगळ्या चटणीची चव बिघडवतो, आणि बुरशीचा दाणा प्रकृतीलाही घातक असतो. दाणे भाजून, पाखडून, फोलपटे काढून, एकेक पाहून निवडण्याचे काम वेळखाऊ आहे, आणि चांगल्या चटणीचे जास्तीचे पैसे मुख्यतः त्या कामाचे असतात. ते मी आनंदाने देते. चौथी चटणी ओळखीतून मिळाली, एका घरी आठवड्यातून एकदाच कुटली जाणारी. चव दुसरीच्या तोडीची होती, पण मीठ थोडे जास्त होते आणि मिरची नुसती तिखट होती. मावशींच्या चटणीचा रंग सुरेख असूनही ती डोळ्यांत पाणी आणत नव्हती, त्याचे कारण त्यांनीच सांगितले: रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी दुसरी मिरची, असे मिश्रण त्या वापरतात. ब्याडगी ही शेजारच्या कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्याची मिरची, तिचा रंग गडद आणि तिखटपणा सौम्य. सीमेवरच्या आमच्या गावाला ती परकी कधी वाटलीच नाही.

चटणी घेताना कुटल्याची तारीख विचारावी. पुडीबंद असेल तर तीवर तारीख आणि अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक छापलेला आहे का ते पाहावे, आणि एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त घेऊ नये. घरी आल्यावर काचेच्या किंवा स्टीलच्या कोरड्या डब्यात काढून ठेवावी आणि ओला चमचा कधीही घालू नये. खाताना तिच्यावर कच्चे शेंगतेल किंवा घट्ट दही घ्यावे. आमच्या घरात दह्याचा पक्ष मोठा आहे, पण नव्याने खाणाऱ्याने पहिला घास नुसत्या भाकरीबरोबरच घ्यावा, म्हणजे चटणी काय आहे ते कळेल.

कडक भाकरीची मात्र बाहेरगावच्या लोकांना नीट ओळख नाही, आणि ती चुकीच्या अपेक्षेने खाल्ली जाते. पापडासारखी चावून खाल्ली तर ती कोरडी ठणठणीत वाटते आणि माणूस म्हणतो, यात विशेष काय? तिचे खरे रूप गरम आमटीत कुस्करल्यावर दिसते. ज्वारीची पातळ भाकरी थापून, तव्यावर फुगू न देता कापडाने दाबत दाबत भाजायची आणि मग मंद आचेवर तिच्यातला सगळा ओलावा उडून जाईपर्यंत वाळवायची, असे हे काम आहे. वरून तीळ लावलेले असतात. ओलावाच नसल्याने बुरशी धरत नाही आणि भाकरी कित्येक आठवडे टिकते. सीमेपलीकडे विजयपूर आणि कलबुर्गीच्या बाजूलाही हीच भाकरी ‘रोट्टी’ म्हणून घरोघर असते. शेतावर, यात्रेला, लांबच्या प्रवासाला जाताना शिदोरीत ती असे, कारण तिला चुलीची गरज नव्हती.

मी या खेपेस कडक भाकरी महिला बचत गटाच्या विक्री केंद्रातून आणि एका किराणा दुकानातून अशी दोन ठिकाणांहून घेतली. बचत गटाची भाकरी सर्वत्र सारख्या जाडीची, कडेपर्यंत भाजलेली आणि मोडताना ‘कट्’ असा स्वच्छ आवाज करणारी होती. दुकानातली मध्यभागी जाड राहिली होती, तिथे ती वाकत होती, आणि चार दिवसांत तिला डब्यातला वास लागला. विकत घेताना गठ्ठ्यातली एक भाकरी मोडून दाखवा असे सांगण्यात संकोच करू नये. चांगला विक्रेता लगेच मोडून दाखवतो. बाजरीची कडक भाकरीही मिळते आणि संक्रांतीच्या आधी, भोगीला, तिची चव अप्रतिम लागते. पण बाजरीत ज्वारीपेक्षा स्निग्धांश जास्त असल्यामुळे ती लवकर कडवटते, म्हणून साठवायची असेल तर ज्वारीचीच घ्यावी.

आता ज्वारी. भाचीला मी पीठ पाठवले नाही, दाणे पाठवले, आणि त्यामागे पक्के कारण आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. ताज्या पिठाला कढत पाण्याने जो धर येतो त्यावरच भाकरी थापली जाते, आणि पीठ महिनाभर पडून विरी गेले की कितीही सराईत हाताची भाकरी कडेला फाटते. दाणे मात्र कोरड्या डब्यात वर्षभर राहतात. बाजारात ‘मंगळवेढ्याची ज्वारी’ असे लिहिलेल्या पाट्या पुष्कळ असतात, आणि तिथली ज्वारी खरोखरच वेगळी आहे. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या जमिनीत पावसाळ्याची ओल धरून राहते, तिच्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेला शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, थंडीत, बहुतेक पावसाशिवायच वाढतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येतो. दाणा भरताना पाऊस अंगावर न पडल्यामुळे तो काळा पडत नाही. पांढरा, किंचित पिवळसर, मोत्यासारखा गोल आणि चमकदार राहतो. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. दुष्काळात बादशाही कोठार उपाशी लोकांसाठी खुले करणाऱ्या संत दामाजीपंतांचे हे गाव, त्यामुळे इथल्या धान्याबद्दल बोलताना या भागातल्या माणसाचा आवाज थोडा बदलतो, माझाही बदलतो.

मालदांडी हे ज्वारीचे नाव आपण सगळे घेतो, पण तिचे घर याच जिल्ह्यात आहे हे फार जणांना ठाऊक नसते. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हे वाण पुढे आणले गेले, आणि इतक्या दशकांनंतरही रब्बी ज्वारीच्या भाकरीची चव मोजताना माप म्हणून तिचेच नाव निघते. मी घेतलेल्या दोन नमुन्यांपैकी लक्ष्मी मार्केटजवळच्या एका धान्य दुकानातला दाणा टपोरा आणि एकसारखा होता, दाताखाली धरला तर कटकन फुटत होता, आणि दळून आणल्यावर पिठाला गोडसर वास होता. आठवडा बाजारातून घेतलेल्या स्वस्त दाण्यात मात्र संकरित ज्वारी मिसळलेली होती, निस्तेज आणि टोकाला काळपट डाग असलेली. तिची भाकरी पोट भरते, पण दुपारपर्यंत चामट होते. मालदांडीची सकाळची भाकरी संध्याकाळी दह्यात कुस्करूनही मऊ लागते. मूठभर दाणे पांढऱ्या कागदावर पसरून पाहिले की भेसळ लपत नाही.

याच ज्वारीचे कोवळे रूप म्हणजे हुरडा, आणि डिसेंबर-जानेवारीत सोलापूरला येणाऱ्याने तो शेतावरच खावा. गुळभेंडीसारख्या हुरड्याच्या वाणाचे कणीस गोवऱ्यांच्या आगटीत भाजून, हातावर चोळून, गरम गरम दाणे शेंगाच्या चटणीबरोबर खायचे असतात. पुडीतला गोठवलेला हुरडा मी एकदा घेऊन पाहिला. त्यात गोडवा थोडा होता, धुराचा वास अजिबात नव्हता, आणि तो मी पुन्हा घेणार नाही.

काळे तिखट उन्हाळ्यात करतात, त्यामुळे जानेवारीत मिळते ते मागच्या उन्हाळ्याचे असते. ते चांगले राहिले आहे की नाही हे दगडफुलाच्या वासावरून कळते: दगडफुलाचा तो मातकट, किंचित धुरकट सुगंध नाकाला लगेच जाणवला पाहिजे. नुसता धन्याचा आणि खोबऱ्याचा वास येत असेल तर मसाला स्वस्तात आवरला आहे असे समजावे, आणि खोबरे खवट झाले असेल तर तो मसाला घेऊच नये. मी आणलेल्या तिखटात दगडफूल भरपूर होते. त्याच्या दोन चमच्यांवर केलेली हुलग्याची शेंगोळी घरात सगळ्यांनी मागून मागून खाल्ली.

वस्तूंपैकी सगळ्यात जास्त वेळ गेला तो काठवटीवर. होम मैदानावर गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराचीच यात्रा, भरते तेव्हा स्वयंपाकघरातल्या वस्तूंची दुकाने लागतात आणि तिथे लाकडी काठवट, लोखंडी तवे, उलथनी, दगडी खल एकाच फेरीत पाहायला मिळतात. स्टीलच्या परातीत भाकरी थापता येते, पण परात सरकते, वाजते आणि तिच्यावर पीठ निसटते. लाकडाचा पृष्ठभाग पिठाला हलकेच धरून ठेवतो, म्हणून भाकरी हाताबरोबर गोल फिरते. काठवट एकाच लाकडाची कोरलेली घ्यावी, जोड असेल तर तो कालांतराने उकलतो. आतून हात फिरवून कुठे कुसळ लागत नाही ना, आणि कडेला चीर नाही ना, ते पाहावे. घरी आणल्यावर तिला तेल पाजावे, वापरानंतर पाण्यात भिजत ठेवू नये, पुसून सावलीत उभी करावी. मी घेतलेली काठवट जड आहे, आणि जड असणे हाच तिचा गुण आहे.

दगडी खलाबद्दल एक इशारा. नव्या खलात आणि पाट्यावर दगडाची बारीक कच असते. ती काढण्यासाठी आधी जाडे मीठ, मग भिजवलेले तांदूळ दोन-तीन वेळा वाटून फेकून द्यावे लागतात, आणि वाटण स्वच्छ पांढरे येईपर्यंत त्यात खाण्याचे काही वाटू नये. माझ्या आईच्या पाट्याला दर काही वर्षांनी टाकी लावायला, म्हणजे छिन्नीने ठोकून तो पुन्हा खडबडीत करायला, माणूस दारावर येत असे, त्या ठोक्यांचा आवाज अजून कानात आहे. आता टाकी लावणारे शोधावे लागतात, म्हणून विकत घेतानाच खलाचा तळ खडबडीत आहे की गुळगुळीत, हे बोटाने तपासावे. गुळगुळीत खलात लसूण नुसता घसरतो. तवा मी लोखंडी घेतला. बिडाचा तवा उष्णता जास्त वेळ धरतो आणि धिरड्याला उत्तम असतो, पण भाकरीच्या आचेत सतत कमी-जास्त करावे लागते, आणि तिथे पातळ लोखंड लवकर ऐकते.

सोलापुरी टॉवेल अंग पुसण्यासाठीच घ्यायचा असतो असे नाही. सोलापुरी चादरीप्रमाणेच इथल्या टर्किश टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि त्याचा लहान आकाराचा नॅपकिन ओट्याजवळ ठेवण्याइतकी कामाची वस्तू दुसरी नाही. नवा नॅपकिन पहिल्या दोन धुण्यांपर्यंत पाणी नीट टिपत नाही, नंतर त्याचे सुताचे फासे मोकळे होतात. फक्त गरम भाकऱ्या त्यात गुंडाळू नयेत, कारण फाशांत वाफ कोंडते आणि भाकरी ओली होते. त्यासाठी पातळ सुती पंचाच हवा.

ज्या हातांनी हे टॉवेल विणले त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत मात्र पाहुणे फारसे पोहोचत नाहीत. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या विणकर कुटुंबांची वस्ती शहराच्या पूर्व भागात आहे, आणि संक्रांतीच्या सुमारास तिथल्या घरांत सकिनालू होतात. भिजवलेल्या तांदळाच्या ओलसर पिठात तीळ आणि ओवा घालून, बोटांनी पीळ देत देत कापडावर त्याची गोल गोल वेटोळी काढतात आणि ती थोडी सुकल्यावर तळतात. हाताने पीळ देणे हे कसब आहे. साच्यातून काढलेले वेटोळे चकलीसारखे दिसते आणि तेल जास्त पिते. आमच्या ओळखीच्या अक्कांकडून मी दरवर्षी थोडे सांगून ठेवते. यंदाचे सकिनालू पांढरेशुभ्र, खुसखुशीत आणि अजिबात तेलकट नसलेले होते, आणि या सगळ्या खरेदीतली हीच एक वस्तू अशी, की जी दुकानात शोधून मिळणार नाही. ती महिनाभर आधी सांगून ठेवावी लागते.

भाचीच्या खोक्यात तळाशी काठवट, तिच्या पोटात पंच्यात बांधलेली ज्वारी, कडेला खल, आणि चटणी व तिखट स्टीलच्या दोन वेगळ्या डब्यांत, असे सगळे बसवले. कडक भाकऱ्या मात्र खोक्यात घातल्या नाहीत. त्या गठ्ठ्याने, दोन बाजूंना पुठ्ठा लावून, पुण्याला जाणाऱ्या माझ्या भावाच्या हातात दिल्या आणि गाडीत मांडीवर ठेवायला सांगितल्या. पंचवीसपैकी तेवीस अखंड पोहोचल्या.